पंधरा वर्षांची आठशे सीसी अल्टो: विकायची, की अजून पाच वर्षं चालवायची?

प्रश्न असा आहे: 2011ची अल्टो, पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटर झालेले. रोज नागपूरच्या मनीष नगर ते बुटीबोरी जाणं-येणं. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली, म्हणून घरचे म्हणतात विकून टाका. मालकाला ती अजून पाच वर्षं वापरायची आहे. उन्हाळ्यात चौघांना घेऊन चिखलदरा आणि दिवाळीत समृद्धी महामार्गाने नाशिक करायचं आहे. एवढ्याशा इंजिनाला हे झेपेल का, आणि पैसे घालायचेच तर कशावर?

झेपेल. आणि इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. या गाड्या इंजिन म्हातारं झालं म्हणून भंगारात जात नाहीत. त्या जातात पाणी संपून हेड (सिलिंडरवरचं झाकण) गेल्यामुळे, रबर कडक होऊन फाटल्यामुळे आणि खालचा पत्रा सडल्यामुळे. नागपुरात त्यातली पहिली दोन कारणं जास्त, तिसरं कमी. मुंबई-कोकणातली गाडी खारी हवा खाते, आपल्याकडची ऊन खाते. म्हणून मुंबईहून आणलेली स्वस्त जुनी गाडी घेताना फ्लोअर बघा आणि नागपूरची घेताना रेडिएटर बघा.

आधी इंजिनाबद्दल, कारण शंका तिथेच आहे. तुमच्या गाडीत 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) 68.5 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 72 मिमी. डिसेंबर 1983मध्ये आलेल्या मारुती 800मध्येही हीच मापं होती. पुढे हेड बदललं, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (पेट्रोल फवारणारी इंजेक्टरची यंत्रणा) आलं, पण बोअर आणि स्ट्रोक तेच राहिले. इतकी वर्षं एकच मापाचं इंजिन चाललं, म्हणून त्याचा प्रत्येक रोग गल्लीतल्या मेकॅनिकला पाठ आहे आणि प्रत्येक पार्ट दुकानात मिळतो. गाडी टिकण्यात याचा वाटा धातूइतकाच मोठा आहे.

धातूच्या बाजूनेही हिशेब चांगला आहे. तीन सिलिंडरच्या क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या दांड्याला) चार मेन बेअरिंग असतात, म्हणजे प्रत्येक पिस्टनच्या दोन्ही बाजूंना आधार. पिस्टन लहान, कनेक्टिंग रॉड हलके. पाचव्या गिअरमध्ये ताशी शंभरला इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास असतं. तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेनऊ मीटरच्या घरात येतो. पेट्रोल इंजिनासाठी हा वेग आरामाचा आहे. टर्बो नाही, त्यामुळे सिलिंडरमधला दाबही मर्यादेत. गाडीचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, त्यामुळे बेअरिंग, ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स या सगळ्यांवरच भार कमी. मोठ्या गाडीचे पार्ट जाड असतात हे खरं, पण ते जाड असतात कारण त्यांना जास्त ओझं वाहायचं असतं.

एक अवगुण आहे. तीन सिलिंडरचं इंजिन डोलतं, म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी थरथरते आणि इंजिन माउंटिंगचं रबर लवकर बसतं. थरथर वाढली की लोक इंजिन गेलं समजतात. बहुतेक वेळा माउंटिंग बदललं की ती जाते.

आता ताकदीचा ढोबळ हिशेब. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटर उंच आहे. परतवाड्याहून वर जाताना साधारण 700 मीटर चढायचं. चार माणसं आणि सामान धरून गाडी 1100 किलोची समजा. पाऊण तासात हा चढ चढायला निव्वळ वर उचलण्यासाठी सरासरी चार अश्वशक्तीसुद्धा लागत नाही. अगदी दहा टक्के चढाच्या वळणावर ताशी 25 किमीने गेलात, तर रस्त्याच्या घर्षणासकट बारा अश्वशक्ती. तुमच्या इंजिनाची कमाल ताकद 46च्या आसपास आहे. पण ही ताकद 6000च्या पुढच्या फेऱ्यांवर मिळते, आणि जास्तीत जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) 3000वर. खरी अडचण इथे येते. पेट्रोल वाचवायचं म्हणून लोक तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशे फेऱ्यांवर गाडी ओढतात. इंजिन दबतं, खडखडतं, पाण्याचा पंप हळू फिरतो आणि तापमानाचा काटा वर जातो. मग म्हणतात, आठशेला घाट जमत नाही. दुसऱ्यात टाका, अडीच-तीन हजार फेरे ठेवा. आवाज वाढेल, वाढू द्या. या इंजिनाला फिरणं मानवतं, दबणं मानवत नाही. काटा चढायला लागला तर एसी बंद करा, कारण कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती घेतो आणि बारांवर आणखी चार म्हणजे बरंच झालं. वळणावर थांबावं लागलं तर हँडब्रेकवर उभे राहा, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका. घाटात क्लचप्लेट जळते ती या सवयीने.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट 3 ऑइल 205 अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं 140 अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. दोन वर्षांत बदललं नसेल तर घाटाआधी बदला. काम तासाभराचं आहे.

आता नागपूरचा मुख्य मुद्दा: ऊन. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंशांची नोंद झाली आहे, आणि मे अखेरच्या नवतपात 45 म्हणजे आपल्याला नवल नाही. रेडिएटर उष्णता किती टाकणार हे त्यातलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंश आणि हवा 25 असेल तर फरक 65चा. हवा 45 झाली की फरक 45 उरतो. त्यात एसी चालू असेल तर रेडिएटरसमोरची एसीची तापलेली जाळी (कंडेन्सर) तीच हवा आणखी आठ-दहा अंशांनी तापवून रेडिएटरला देते. फरक पस्तीसवर येतो. म्हणजे जानेवारीत निम्मा तुंबलेला रेडिएटर भागवून नेतो आणि मे महिन्यात तोच रेडिएटर वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी उकळवतो. बिघाड मे महिन्यात झालेला नसतो, तो फक्त तेव्हा दिसतो.

रेडिएटर तुंबतो कशाने? बोअरवेलच्या पाण्याने. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी जड आहे. बादलीच्या बुडाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. त्यावर साध्या पाण्याने ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. तेव्हा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दर दोन-तीन वर्षांनी बदली. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला' हे ऐकू नका. आपल्याला कूलंट हवं ते गंज आणि खार रोखायला. गाडी पंधरा वर्षांची आहे, आधी काय काय ओतलं गेलं कुणास ठाऊक. त्यामुळे रेडिएटर उतरवून बाहेरून पातळ पात्यांमधली माती आणि किडे, आतून खार, दोन्ही साफ करून घ्या. जास्त तुंबला असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका, नवाच टाका.

रेडिएटर कॅप स्वस्तातली वस्तू आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. ती सुमारे 0.9 बार दाब धरते, म्हणून पाणी 100ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर चिरलं की हे अठरा अंश गेले. इंजिन थंड असताना कॅप काढा, रबरावर नख फिरवा. कडक, चिरलेलं किंवा एका बाजूला दबलेलं असेल तर बदला.

रेडिएटरचा फॅन तपासायची रीत: दुपारी सावलीत, एसी बंद ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. काटा मध्यापर्यंत आला की थोड्या वेळात फॅन सुरू झाला पाहिजे, एक-दोन मिनिटांत बंद झाला पाहिजे आणि पुन्हा तसंच. सुरूच झाला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग सेन्सर आणि शेवटी मोटर. इंजिन बंद, किल्ली काढलेली असताना फॅन हाताने फिरवून बघा. अडखळत असेल, किंवा मोटरच्या पाठीवर लाकडाने टकटक केल्यावरच सुरू होत असेल, तर आतले कार्बन ब्रश संपलेत. ती मोटर एखाद्या सिग्नलवर दगा देणारच.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. गाडी तापते म्हटलं की कितीतरी गॅरेजमध्ये हा व्हॉल्व्ह काढून फेकला जातो. तसं करू देऊ नका. तो साधारण 82 अंशांना उघडतो. त्याआधी पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर गरम करतो. काढून टाकला की डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हायवेवर इंजिन पुरेसं तापतच नाही. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून गार आहे, ते पेट्रोल जास्त सोडत राहतं. ॲव्हरेज पडतं, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, इंजिन ऑइल पातळ होतं. मे महिन्याच्या भीतीपोटी बाकीचे महिने इंजिन झिजवायचं, असा तो व्यवहार आहे. शंका असेल तर व्हॉल्व्ह काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात टाका. उकळीच्या बऱ्याच आधी उघडायला लागला तर चांगला. नाही उघडला तर नवा बसवा.

आणि काटा लाल पट्ट्यात गेलाच तर? एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल, बाजूला घेऊन इंजिन बंद. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतू नका, ॲल्युमिनियम वाकतं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: पाणी खूप कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. हीटर लावल्यावर गरमऐवजी गार वारा आला तर काट्यावर विश्वास ठेवू नका, पाणी संपलंय. बुटीबोरी चार किलोमीटरवर आली, तेवढं ओढू, या विचाराने जितकी हेड गेली असतील तितकी जुनेपणाने गेलेली नाहीत.

हेड गास्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं का हे ओळखायच्या खुणा: बाहेर कुठेच गळती नसताना पाणी कमी होणं, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज (पाण्याची रबरी नळी) मिनिटभरात टणक होणं, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय. हेड उतरवलंच तर नुसतं पॅकिंग बदलून चढवू देऊ नका. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकडेपणा मोजायला सांगा, 0.05 मिमीपेक्षा जास्त असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं) करावंच लागेल. नाहीतर सहा महिन्यांत तेच काम पुन्हा.

इंजिनाची खरी तब्येत कळायला कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्शन काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, सेल्फ पाच-सहा फेरे. तिन्ही सिलिंडर चौरस सेंटिमीटरला 11 किलोच्या वर आणि आपसातला फरक 1 किलोच्या आत, तर सव्वा लाखाच्या इंजिनाला काहीही झालेलं नाही. एखादा कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. ही चाचणी न करता 'इंजिनचं काम निघेल' असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका.

टायमिंग बेल्टचं (क्रँक आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याचं) मात्र आजच विचारा. या इंजिनात चेन नाही, रबरी बेल्ट आहे. लाख किलोमीटरच्या आत बदलायचा असतो, आणि किलोमीटर कमी असले तरी पंधरा वर्षांचं रबर ते रबरच. बदलल्याचं बिल हातात नसेल तर बदललेला नाही असं धरा. सोबत टेन्शनर, कॅम सील आणि क्रँक सील बदला, कारण सीलमधून झिरपणारं ऑइल नव्या बेल्टलाही खातं. बाकीचं रबर त्याच दिवशी बघून घ्या: वरचा-खालचा होज, हीटरचे होज, फॅन बेल्ट, एक्सल बूट (एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी आवरण), लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनमधली रबरं). एक्सल बूट फाटला आणि ग्रीस उडून गेलं की वळताना कट-कट आवाज येतो. तोवर जॉइंट गेलेला असतो. बूट वेळेवर बदलला तर जॉइंट वाचतो.

पेट्रोलच्या नळ्यांकडे वेगळं लक्ष द्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2011च्या गाडीचं रबर ते धरून बनवलेलं नाही. दर सर्व्हिसला नळ्या वाकवून बघा. चिकट, फुगलेली किंवा बारीक चिरा पडलेली नळी लगेच काढा. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून टाकी महिनोन्महिने पाव भरून उभी ठेवू नका.

ऑइल तीन लिटरच्या आतबाहेर मावतं. थोडं आहे, म्हणून त्यातलं अर्धा लिटर कमी होणं मोठ्या गाडीपेक्षा जास्त जाणवतं. पंधरा दिवसांनी दांडी काढून बघा. नागपुरात बांधकामाची धूळ कायमचीच आहे, तर एअर फिल्टर सर्व्हिसची वाट न बघता मध्येच झटका. इंजिन धुळीने झिजतं, चालवण्याने तितकं नाही.

पत्र्याचं थोडक्यात: चारही मॅट उचला, फ्लोअर आणि दाराखालची पट्टी पेचकसाच्या मुठीने ठोका, बॅटरीचा ट्रे काढून खाली बघा, दारांच्या तळाची पाण्याची भोकं मोकळी करा. जॅक लावायची जागा दबत असेल तर आधी वेल्डिंग, बाकी सगळं नंतर.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल, कारण 23 सप्टेंबर 2023ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शहरातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. अशी गाडी सुरू करून बघू नका. एका सिलिंडरचं ज्वलनकक्ष तीस-पस्तीस मिलीचं आहे. तेवढं पाणी आत असलं की पिस्टन वर येऊ शकत नाही आणि रॉड वाकतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअर फिल्टर ओला आहे का बघा, ऑइल आणि फिल्टर बदला. मग तार जोडून, प्लग काढलेले ठेवून, सेल्फ मारून पाणी बाहेर काढा. गाडी सुरू होऊन थोडी चालली की ऑइल पुन्हा बदला. गिअर ऑइल आणि मागचे ब्रेक ड्रमही उघडायचे.

आता समृद्धी. तिथे कारला 120ची मर्यादा आहे, ती तुमच्यासाठी नाही. या आकाराच्या गाडीला 80च्या वेगाला दहाएक अश्वशक्ती लागते, 100ला सोळा, 120ला पंचवीस. वाऱ्याचा विरोध असा वाढतो. इंजिन 120ही ओढेल, पण बारा इंचांची चाकं, हलकं वजन आणि बाजूने जाणाऱ्या ट्रकचा झोत पाहता 80-90च्या वर मजा नाही. आणि इथे स्पष्ट सांगायला हवं: टिकाऊ म्हणजे सुरक्षित नव्हे. तुमच्या गाडीनंतर आलेल्या अल्टो 800च्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलला 2014च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी शून्य तारे मिळाले होते. तुमची त्याहून जुनी. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लावा, रात्रीचा प्रवास टाळा.

सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर धोका टायरचा. 145/80 आर 12 टायरवर 74 हा भारांक असतो, म्हणजे एका टायरला 375 किलो. भरलेल्या गाडीला तो पुरतो, पण हवा बरोबर असेल तरच. हवा सकाळी, गाडी गार असताना, दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. वाटेत टायर तापून दाब तीन-चार पीएसआय वाढलेला दिसेल. ती हवा सोडू नका. कमी हवेचा टायर बाजूने जास्त मुडपतो, त्याने तापतो आणि फुटतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर घेऊन समृद्धीवर चढू नका. स्टेपनीचीही तारीख बघा, ती बहुतेक गाडीइतकीच जुनी निघते.

कागदांचं: पंधरा वर्षं भरायच्या आधीच्या दोन महिन्यांत फॉर्म 25 भरून तुमच्या आरटीओकडे नूतनीकरणाचा अर्ज करा, एमएच 31 असो, 40 असो की 49. गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पाच वर्षं वाढून मिळतात. विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी नंबरप्लेट त्याआधी तयार ठेवा. तपासणीला नेण्यापूर्वी हँडब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर आणि सायलेन्सरची गळती बघून घ्या.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी टायमिंग बेल्ट आणि सील, मग रेडिएटर, कॅप, होज आणि कूलंट, मग ब्रेक ऑइल आणि टायर, मग माउंटिंग आणि बुश. डेंटिंग-पेंटिंग सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. कॉम्प्रेशन चांगलं आणि फ्लोअर ठणठणीत असेल तर हे सगळं करणं फायद्याचं आहे. फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी सडलेल्या असतील, तर इंजिन कितीही चांगलं असो, गाडी काढून टाका.